खिडकीबाहेर : टेबलावर आणखी काय काय आहे?

विंडोज 10 ला नेहमीचे अपडेट मिळायची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि तेव्हापासून या सदराचं टपाल वाढलं. पूर्वी महिन्याला चार पत्रं यायची, त्यातली दोन 'लिनक्स म्हणजे काय हो' अशी. (विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, हे त्याचं उत्तर.) आता थेट 'कुठलं टाकू?' असंच विचारतात. मी प्रत्येकाला उलट एकच विचारते : टेबलावर संगणकाशेजारी काय काय ठेवलंय? प्रिंटर कुठला, डोंगल (सॉफ्टवेअर चालू करणारी यूएसबी किल्ली) आहे का, जुन्या फाइली कुठल्या फाँटात आहेत? सत्तावीस वर्षं कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत मशीनं उघडण्यात गेली. त्यातून एवढं कळलं की लिनक्स अडतं ते बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, शेजारच्या वस्तूमुळे.

पत्रं थोडी कातरून घेतली आहेत. राग मानू नये.

प्रश्न : ताई, मी पोस्टातून निवृत्त, वय 71. लॅपटॉप 2015 सालचा : आय-3, 4 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज 11 यावर चालणार नाही, असं तो स्वतःच सांगतो. मुलगा म्हणतो भंगारात द्या. मला लागतं काय, तर यूट्यूबवर कीर्तनं, मुलीशी व्हिडिओवर बोलणं, बँकेचा हिशेब बघणं आणि आमच्या घराण्याचा इतिहास मराठीत टाइप करणं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो, तोही आहेच. जमेल का? – वाई

उत्तर : पोस्टमास्तर, भंगारात देऊ नका. तुमच्या टेबलावर अडेल असं काहीच नाही. हयातीच्या दाखल्याचा तर संगणकाशी संबंधच ठेवू नका. 'जीवन प्रमाण'चं चेहरा ओळखून दाखला काढणारं ॲप फोनवर चालतं, ते काम नातवाला द्या.

तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते आणि मंजूर प्रोसेसरांच्या यादीत नाव लागतं. इंटेलच्या बाबतीत ती यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे 2017 च्या आसपासच्या मशीनपासून सुरू होते. 2015 सालचा आय-3 त्यात बसत नाही, एवढीच त्याची चूक.

पण लिनक्सच्याही आधी एक काम करा. साधी हार्ड डिस्क काढून तिथे सॅटा एसएसडी, म्हणजे चिपांची वेगवान डिस्क, बसवून घ्या. मला विचाराल तर जुन्या लॅपटॉपचं वय कमी करणारी वस्तू ही आहे, ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. लोक लिनक्स टाकतात, मशीन तरी रांगतंच, आणि दोष लिनक्सला जातो. रॅमचा एखादा खाच रिकामा असेल तर 4 चे 8 जीबी करा. जुनी डिस्क टाकून देऊ नका. तुमचे फोटो आणि कागद तिच्यावर आहेत तसे राहतील, आणि स्वस्तातल्या यूएसबी डबीत घातली की तीच बॅकअपची डिस्क.

मग लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंट 22 ही जुलै 2024 मध्ये आली, ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या 24.04 आवृत्तीवर बेतलेली आहे आणि तिला 2029 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील. तुमच्या 74 व्या वाढदिवसापर्यंत चिंता नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, डेस्कटॉपवर घराचं चित्र, तुमचं विंडोज 7 जसं होतं साधारण तसंच.

ते पेनड्राइव्हवर घेऊन आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, डिस्कला हात न लावता. वेग बघू नका, पेनड्राइव्ह सावकाशच असतो. बघायचं ते हे : वाय-फाय दिसतं का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात तुम्ही दिसता का आणि झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. हे शेवटचं लोक बघत नाहीत आणि नंतर मला पत्र लिहितात. वाय-फाय दिसलं नाही तर घाबरू नका. फोन यूएसबीच्या वायरने जोडा, फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. इंटरनेट आलं की मिंटचा 'ड्रायव्हर मॅनेजर' हवा तो ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) बहुतेक वेळा स्वतःच शोधून देतो.

मुलीशी व्हिडिओवर बोलताना मात्र एक आहे. व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी स्वतःचं ॲप नाही. ब्राउझरमधलं व्हॉट्सॲप वेब निरोप आणि फोटोंसाठी उत्तम, पण बोलायला मुलीला गूगल मीटची लिंक पाठवायला सांगा. घराण्याच्या इतिहासासाठी लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर, आत आलेलंच असतं. मराठी टायपिंगचं खाली इचलकरंजीच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

मुलाला सांगा, भंगारवाल्याला बोलवायचंच असेल तर रद्दी द्या.

प्रश्न : मॅडम, तुम्ही याच सदरात लिहिलं होतंत की लिनक्समध्ये प्रिंटर जोडला की आपोआप ओळखला जातो. त्यावर विसंबून दुकानातल्या मशीनवर लिनक्स टाकलं. माझा छोटा लेझर प्रिंटर ओळखला गेला, यादीत नाव आलं, 'छपाई पूर्ण' असंही दिसलं. कागद मात्र बाहेर आला नाही. दहावीच्या फॉर्मांचे दिवस होते. दोन दिवसांचा धंदा बुडाला. याची भरपाई कोण देणार? – झेरॉक्सचं दुकान, बारामती

उत्तर : भरपाई द्यायला माझ्याकडे मानधन तेवढं नाही, पण चूक माझी आहे. 'आपोआप' हा शब्द मी सरसकट लिहायला नको होता.

प्रिंटर दोन जातींचे असतात. एका जातीला स्वतःचं डोकं असतं. त्याला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशी छपाईची ठरलेली भाषा कळते, किंवा नव्यांना नेटवर्कवरून ड्रायव्हरशिवाय छापता येतं. हे लिनक्सवर खरोखरच आपोआप चालतात. कारण लिनक्समधली छपाईची यंत्रणा, कप्स, ही ॲपलच्या मॅकमध्येही तीच आहे, आणि 2010 मध्ये ॲपलची फोनवरून थेट छापण्याची सोय, एअरप्रिंट, आल्यापासून कंपन्यांना ड्रायव्हरशिवाय छापणं भागच पडलं. दुसरी जात म्हणजे आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा तो छोटा, स्वस्त, मजबूत लेझर. त्याला डोकं नसतं. पानाचा ठिपका न् ठिपका संगणकाने आखून द्यायचा, तो फक्त शाई भाजतो. ती आखणी करणारा प्रोग्रॅम कंपनीचा. कंपनीने लिनक्ससाठी तो नीट केला नाही, किंवा दहा वर्षांपूर्वी केला आणि सोडून दिला, की तुमच्यासारखं होतं : यादीत नाव, कागद गायब. काहींना तर दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून आतला प्रोग्रॅम भरून घ्यावा लागतो. एचपीच्या काही जुन्या छोट्या लेझरांसाठी म्हणूनच एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरांबरोबर वेगळा प्लगइन उतरवावा लागतो. तो उतरवला की ते चालतात.

प्रयोगशाळेत माझ्यावरही ही वेळ आली आहे. विद्यापीठाची तोंडी परीक्षा, बाहेरचे परीक्षक बसलेले, गुणपत्रक छापायचं आणि आमचा असाच एक बिनडोक प्रिंटर गप्प. तीन संध्याकाळी मी त्याच्यावर घालवल्या होत्या. शेवटी कार्यालयातल्या विंडोजवाल्या मशीनला तो जोडला, नेटवर्कवर शेअर केला आणि प्रयोगशाळेतून त्यावर छापलं. यात काही हुशारी नव्हती, पण पुढची सहा वर्षं ते तसंच चाललं.

तुम्हीही तेच करा. पुढचं मशीन, जिथे गिऱ्हाईक पेनड्राइव्ह खुपसतं, ते लिनक्सवर ठेवा. दुनियेचे व्हायरस घेऊन येणारे पेनड्राइव्ह तिथे निरुपद्रवी होतात, आणि तुमच्या धंद्यात हा फायदा लहान नाही. प्रिंटर मागच्या विंडोज मशीनला. पुढचा प्रिंटर घेताना खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं नसेल तर स्वस्त असला तरी घेऊ नका.

आणखी एक. गिऱ्हाइकाची वर्डची फाइल उघडल्यावर फॉर्मच्या चौकटी सरकत असतील तर कारण बहुधा फाँट. वर्डमधला कॅलिब्री फाँट लिनक्समध्ये नसतो. त्याच मापाचा कार्लिटो मोफत मिळतो, कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया. दोन्ही टाका, चौकटी बऱ्याचशा जागेवर येतील. आणि गिऱ्हाइकांना पीडीएफ आणायला शिकवा. हे मी 2005 पासून सांगते आहे, कुणी ऐकत नाही.

प्रश्न : एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलं आहे. लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की घड्याळ मागे जातं. सकाळी दहाला साडेचार दाखवतं. बॅटरी बदलली, फरक नाही. – पणजी

उत्तर : बॅटरी उगाच बदललीत. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे, हेच उत्तर. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ समजतं. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून दहाचे साडेचार. लिनक्समध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून टाइमडेटसीटीएल या आज्ञेपुढे सेट-लोकल-आरटीसी आणि 1 लिहा (अक्षरं अर्थात इंग्रजी, सगळी लहान). एकदाच. विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा नीट लावा, पुन्हा हलणार नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते : विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, डुलकी काढतं. मग लिनक्समधून डी ड्राइव्हवरच्या फाइली दिसतात पण जतन होत नाहीत. पुढच्या महिन्यात तुम्ही हेच विचारणार होतात.

प्रश्न : ताई, माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, निमंत्रणं, दिवाळीत एक-दोन अंक. वीस वर्षांच्या फाइली जुन्या फाँटांत. माझ्याकडची मुलगी टाइपरायटरच्या मांडणीवर शिकलेली, मिनिटाला चाळीस शब्द सहज. काम कोरलड्रॉमध्ये, छापखानाही कोरलचीच फाइल मागतो. मशीन नवीन घ्यायचं तर विंडोज, कोरल, मराठीचं सॉफ्टवेअर, तिन्हीचे पैसे. लिनक्सवर हे सगळं फुकटात होतं असं ऐकलं. – इचलकरंजी

उत्तर : फुकटात होतं, पण सगळं नाही, आणि उद्यापासून तर नाहीच. या महिन्यात सगळ्यात अडलेलं टेबल तुमचं आहे, त्यामुळे जरा निवांत लिहिते.

तुमच्या जुन्या फाइलींत मराठी नाहीच. पटणार नाही, पण खरं आहे. जुन्या फाँटांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून ठेवले. कुठे काना, कुठे अर्धा म, कुठे वेलांटी. संगणकाच्या लेखी फाइलीत इंग्रजी अक्षरंच आहेत, फक्त त्यांना मराठीचा मुखवटा आहे. फाँट काढला की 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलरची खूण आणि कंस दिसतात. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, कधी एकाच कंपनीचे दोन फाँटही एकमेकांशी जुळत नाहीत. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात मात्र देवनागरीला स्वतःच्या 128 जागा आहेत आणि फाइलीत क म्हणजे क असतो, फाँट कुठलाही असो. लिनक्सवर मराठी म्हणजे युनिकोड. तुमचा खरा प्रश्न विंडोज की लिनक्स हा नाहीच. जुना फाँट सोडायचा की नाही, हा आहे. तो सोडलात की विंडोजवर राहिलात काय आणि लिनक्सवर आलात काय, मराठी अडणार नाही. नाही सोडलात तर लिनक्स तुमच्यासाठी नाही.

जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल विंडोजचाच. म्हणून आत्ता चालू असलेलं मशीन आहे तसं ठेवा. त्याची नेटची वायर काढा, अँटिव्हायरसच्या कटकटी संपतील, आणि जुन्या फाइलींसाठी ते जपा. माझ्याकडेही असं एक मशीन आहे. त्यावर पंचवीस वर्षांचे प्रश्नसंच आहेत. फाइल परत लागली की त्यातला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायचा. कन्व्हर्टर मिळतात, पण आंधळा विश्वास नको. रफार, ऱ्य आणि पोटफोड्या ष यांची जोडाक्षरं हमखास तपासा. पत्रिकेवर 'आचाऱ्यास' चं 'आचार्यास' झालं तर जेवण कुणी करायचं हा प्रश्न पडेल.

तो ऱ्य टाइप कसा होतो, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डाच्या सरकारी मांडणीत जे ही कळ र ची. शिफ्ट धरून जे दाबला की नुक्ता असलेला ऱ येतो. त्यापुढे डी म्हणजे हलन्त, मग य. दऱ्या, सुऱ्या, कैऱ्या, सगळं येतं. ळ हा ल च्याच कळीवर, शिफ्टसकट.

आता त्या मुलीचं बघू. लिनक्समध्ये आयबस नावाची सोय असते, तिच्यात एम17एन हा संच टाकला की मराठीच्या बऱ्याच मांडण्या येतात : इन्स्क्रिप्ट, ध्वनीवर चालणाऱ्या, 'गमभन'सुद्धा. रेमिंग्टन पद्धतीची, म्हणजे टाइपरायटरची, मांडणी हिंदीच्या यादीत सापडते. तिला ती देऊन बघा, पण ळ आणि ऱ कुठे बसवले आहेत ते आधी तपासा, हिंदीवाल्यांना त्यांची गरज पडत नाही. माझं मत विचाराल तर तिला इन्स्क्रिप्ट शिकवा. सरकारी प्रमाण 1991 पासूनचं, विंडोजवर तेच, लिनक्सवर तेच. आमच्या कार्यालयातल्या दोन क्लार्कबाईंना मी शिकवलं. पहिले पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. सहाव्या आठवड्यात जुना वेग परत आला. मुख्य म्हणजे तिच्या बोटांतलं कसब मग कुठल्याच कंपनीच्या डोंगलला बांधलेलं राहत नाही.

फाँट. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात अशी तक्रार डीटीपीवाल्यांची पहिली असते, आणि ती रास्त आहे. पत्रिकेवर हिंदी ल बघून आजोबा नाक मुरडतातच. उपाय सोपा आहे आणि फारसा कुणाला माहीत नाही. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटांत मराठी ल-श आतच असतात, फक्त मजकुराची भाषा 'मराठी' आहे हे सांगावं लागतं. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा हिंदीची मराठी केली की डोळ्यांदेखत ल बदलतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोनदा मागेपुढे करून बघितलं होतं.

कोरल. गंमत म्हणजे याच कोरल कंपनीने 1999 मध्ये स्वतःचं लिनक्स काढलं होतं आणि 2000 मध्ये कोरलड्रॉ 9 लिनक्ससाठी विकायलाही आणलं. टिकलं नाही. आज कोरलड्रॉ विंडोज आणि मॅकवर आहे, लिनक्सवर नाही. इंकस्केप आणि लिब्रेऑफिसचा ड्रॉ या दोघांत कोरलच्या फाइली उघडतात, पण जशाच्या तशा नाही. सावल्या आणि रंगछटा बिघडतात. गणपतीचं चित्र काढून घ्यायला ठीक, जुनी पत्रिका दुरुस्त करायला नाही. नवीन कामासाठी मात्र इंकस्केपमध्ये चित्र आणि स्क्राइबसमध्ये पान, ही जोडी चांगली आहे. स्क्राइबसची जुनी 1.4 मालिका घेऊ नका, त्यात जोडाक्षरं तुटतात. 1.5 मालिकेपासून देवनागरी नीट बसते. छपाईचे चार रंग आणि छापखान्याला लागणारी पीडीएफ स्क्राइबस देतं.

राहिला छापखाना. त्यांच्याकडे एकदा चहाला जा आणि फाँट आत बांधलेली पीडीएफ चालेल का ते विचारा. बहुतेकांना चालते. कोरलची फाइल ते मागतात कारण शेवटच्या क्षणी मुहूर्ताची वेळ त्यांनाच बदलायची असते. ती बदलायची जबाबदारी तुम्ही घेतलीत की प्रश्न मिटला. नाही मिटला तर नव्या मशीनवर विंडोजच घ्या. पण मजकूर युनिकोडमध्येच लिहा. एवढं तरी माझं ऐका.

प्रश्न : मी करसल्लागार. कार्यालयात पाच मशीनं. टॅली, जीएसटी, कंपन्यांच्या सह्यांचे टोकन. सगळी लिनक्सवर न्यावीत असा विचार आहे. – जळगाव

उत्तर : नेऊ नका. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. डिजिटल सहीच्या टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर काही कंपन्या देतात, पण टोकन, ड्रायव्हर, सही करणारा प्रोग्रॅम, ब्राउझर आणि पोर्टल ही पाच कड्यांची साखळी आहे. एका अपडेटने एक कडी सुटली की 20 तारखेला जीएसटीचं 3बी विवरणपत्र भरताना तुम्ही कुणाला फोन करणार? मला करू नका. ओटीपीवर भागणारे अशील वेगळे, कंपन्या आणि एलएलपींना (मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्यांना) सही टोकननेच करावी लागते. तीन मशीनं विंडोजवर ठेवा. पत्रव्यवहाराचं आणि बाहेर बसणाऱ्या मुलाचं, ही दोन लिनक्सवर न्या.

प्रश्न : सर, मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवरचे सीनियर म्हणतात लिनक्स हे खरं युनिक्स नाही, शिकायचं तर फ्रीबीएसडी नाहीतर ओपनबीएसडी लॅपटॉपवर टाक. टाकू का? – नांदेड

उत्तर : मी सर नाही, पण चालेल.

'खरं युनिक्स'वर होस्टेलमध्ये रात्रभर भांडता येतं, म्हणून थोडं दारूगोळा देऊन ठेवते. युनिक्स 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. बर्कलेच्या विद्यापीठाने त्यात भर घालून आपली शाखा काढली, ती बीएसडी. त्या शाखेवर कोर्टकज्जा झाला, 1994 मध्ये तडजोडीने मिटला, आणि 1993 मध्ये सुरू झालेलं फ्रीबीएसडी त्याच वंशातलं. लिनक्स 1991 मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्सने नव्याने लिहायला घेतलं. त्यात बेल लॅब्जचं रक्त नाही, वळण मात्र तेच. म्हणजे वंशावळ बघाल तर सीनियर बरोबर. पण 'युनिक्स' हे नाव नोंदणीकृत आहे, ते द ओपन ग्रुपकडे आहे, आणि परीक्षा देऊन ते नाव लावण्याचा हक्क मिळवलेली, घरोघर दिसणारी सिस्टिम म्हणजे ॲपलची मॅकओएस. फ्रीबीएसडीनेही तो दाखला घेतलेला नाही. हे सीनियरना सांग आणि तोंडं बघ.

आता लॅपटॉप. फ्रीबीएसडी मला मनापासून आवडतं. गाभा आणि भोवतीची अवजारं एकाच चमूने एकत्र बांधलेली, त्यामुळे सगळं एका हातचं वाटतं. त्याचं हँडबुक म्हणजे चांगल्या मास्तरांची वही. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर बसवलं तर अपडेटच्या आधीची अवस्था जपून ठेवता येते, बिघडलं की बूट करताना मागची निवडायची. 2012 मध्ये प्रयोगशाळेतल्या टाकाऊ डेस्कटॉपवर ते बसवलं. लॅनची वायर जोडलेली, स्क्रीन साधा. चार वर्षं तक्रार नाही. त्याच उत्साहात माझ्या लॅपटॉपवर बसवलं. वाय-फाय नाही, झाकण मिटलं की कायमची झोप. आठवड्यात डेबियन या लिनक्सवर परत आले. तेव्हापासून वाय-फाय बरंच सुधारलंय, पण लॅपटॉपच्या बाबतीत ते अजूनही लिनक्सच्या मागेच आहे. ओपनबीएसडीत तर ब्लूटूथ नाहीच. 2014 मध्ये त्यांनी तो कोड चक्क काढून टाकला, नीट सांभाळता येत नाही म्हणून. मला हा बाणेदारपणा आवडतो, पण तुझे इअरफोन ब्लूटूथचे असणार.

आणि डेस्कटॉपवर फरक दिसतो किती? फायरफॉक्स तेच, लिब्रेऑफिस तेच, केडीईचा डेस्कटॉपही तोच. फरक आहे तो आत, आणि आतलं शिकायला ते रोजचं मशीन असायची गरज नाही. लॅपटॉपवर डेबियन किंवा फेडोरा टाक, फ्रीबीएसडी व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) घे, पाहिजे तेवढं मोड. विंडोज पूर्ण पुसू नकोस. कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्यांच्या ऑनलाइन परीक्षा कुलूपबंद ब्राउझरमध्ये होतात आणि ते लिनक्सवर चालत नाहीत. तुझ्या टेबलावरची अडचण ही आहे. तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. विंडोजची जागा कमी करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघ. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घे. कागदावर. त्याच लॅपटॉपमध्ये नाही.

शिकायचंच आहे ना? मग टर्मिनलमध्ये 'मॅन' लिहून पुढे कुठल्याही आज्ञेचं नाव लिही आणि जे येईल ते वाच. रोज एक. सीनियरांनी त्यातलं एकही पान पूर्ण वाचलेलं नसतं.

प्रश्न : दुसऱ्यांना इतकं विचारता, तुमच्या स्वतःच्या टेबलावर काय आहे ते एकदा सांगा की. – ठाणे

उत्तर : रास्त आहे. डेबियन असलेला एक डेस्कटॉप, मी स्वतः जुळवलेला, त्यात आतापर्यंत डिस्क दोनदा आणि पंखा तीनदा बदलला. स्वतःचं डोकं असलेला नेटवर्क प्रिंटर. इन्स्क्रिप्टची अक्षरं झिजलेला कीबोर्ड. कोपऱ्यात, क्रोशाच्या झाकणाखाली, नेट नसलेलं ते विंडोज मशीन. ह्यांचा लॅपटॉप विंडोज 11 चा आहे आणि आमच्यात त्या विषयावर बोलणं होत नाही.

हे सदर मी लिब्रेऑफिसमध्ये युनिकोडमध्ये लिहिते आणि ईमेलने पाठवते. इकडे पानं लावणारे भाऊ मात्र अजून जुन्याच फाँटात काम करतात, त्यामुळे माझा मजकूर कन्व्हर्टरमधून जातो. मागच्या अंकात माझ्या 'दऱ्याखोऱ्यां'चं 'दर्याखोर्यां' झालं आणि साताऱ्याच्या एका वाचकाने समुद्र कुठून आला म्हणून विचारलं. इचलकरंजीच्या उत्तरातला आचारी या वेळी आचार्य होऊन आला असेल, तर तो माझा नव्हे. भाऊंच्या टेबलावरचा आहे.